आधी माणूस, मग पियानो

१९५५ च्या मार्च महिन्यात वॉर्सा शहरात पाचव्या आंतरराष्ट्रीय शोपाँ पियानो स्पर्धेचा निकाल लागला. पहिलं बक्षीस पोलंडच्या आदाम हाराशेविचला मिळालं आणि दुसरं रशियाच्या व्लादिमीर अश्केनाझीला. पहिला मान अश्केनाझीचा होता, असं परीक्षकांपैकी इटालियन पियानोवादक मिकेलांजेली यांचं ठाम मत होतं आणि त्यांनी निकालपत्रावर सही करायला नकार दिला. संगीताच्या इतिहासात ही स्पर्धा बहुतेकदा या वादामुळेच आठवली जाते. पण त्याच निकालात आणखी एक विलक्षण गोष्ट होती. तिसरं बक्षीस मिळालं शांघायहून आलेल्या २१ वर्षांच्या फू त्सोंगला, आणि माझुर्का सर्वोत्तम वाजवल्याबद्दलचं पोलिश रेडिओचं खास पारितोषिकही त्यालाच.

या खास पारितोषिकाचं मोल समजण्यासाठी माझुर्का म्हणजे काय हे पाहायला हवं. पोलंडच्या खेड्यांतल्या नाचांवरून पोलिश संगीतकार शोपाँने बांधलेल्या या छोट्या रचना आहेत. तीन मात्रांचा ठेका, पण वजन पहिल्या मात्रेवर न पडता कधी दुसरीवर पडतं, कधी तिसरीवर. ते किती पडावं आणि मात्रा किती रेंगाळावी, हे कागदावर लिहिलेलं नसतं. लावणीच्या ठेक्यातली लचक जशी स्वरलिपीतून शिकता येत नाही, तसंच हे. पोलंडच्या मातीत न वाढलेल्या माणसाला माझुर्का साधत नाही असं मानलं जाई, आणि पोलिश लोकांनी ते पारितोषिक एका चिनी तरुणाच्या हातात ठेवलं होतं. त्याला पोलंडमध्ये येऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

हे त्याच्याकडे आलं कुठून? त्याचा माग काढताना एका पियानोवादकाइतकीच एका अनुवादकाची गोष्ट सांगावी लागते.

फू त्सोंगचे वडील फू लेई. जन्म १९०८ चा. विशीत ते पॅरिसला शिकायला गेले आणि १९३१ मध्ये मायदेशी परतले. रोमाँ रोलाँची ‘जाँ क्रिस्तोफ’ ही महाकादंबरी, त्याचंच बेथोवेनचं चरित्र आणि बाल्झाकच्या एकामागून एक कादंबऱ्या त्यांनी चिनी भाषेत आणल्या. फ्रेंच साहित्य चिनी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी फू लेईंच्या चिनीतूनच वाचलं. ते कुठल्याही संस्थेच्या पगारावर नव्हते. घरात बसून, स्वतःला घालून दिलेल्या कडक वेळापत्रकानुसार ते काम करत आणि मानधनावर घर चालवत. शब्द चुकलेला त्यांना खपत नसे आणि माणसाचा खोटेपणा तर मुळीच खपत नसे.

थोरल्या मुलाला त्यांनी याच कडकपणाने वाढवलं. प्राथमिक शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं. कन्फ्यूशियस, मेन्सियस आणि जुन्या इतिहासग्रंथांतले वेचे स्वतः निवडून त्यांनी मुलाचं पाठ्यपुस्तक तयार केलं. मुलगा तासन् तास ग्रामोफोनजवळ बसतो हे पाहून सातव्या-आठव्या वर्षी त्याच्यासाठी पियानो आला. नंतर तो मारिओ पाची या इटालियन गुरूंकडे शिकायला जाऊ लागला. शांघायचा पाश्चात्त्य वाद्यवृंद याच पाचींनी उभा केला होता आणि त्यांचे गुरू संगीतकार लिस्टचे शिष्य होते. रियाजात हयगय झाली की घरी मार बसे. बोटं सवयीने चालू ठेवून समोर चिनी साहसकथेचं पुस्तक वाचणाऱ्या मुलाची चोरी वडिलांनी नुसत्या आवाजावरून ओळखली होती. एकदा रागाच्या भरात त्यांनी भिरकावलेल्या बशीचा व्रण मुलाच्या नाकावर जन्मभर राहिला. आई चू मेइफू या दोघांच्या मध्ये उभी राही. त्या घरात तिच्यामुळेच हवा खेळती होती.

१९४६ मध्ये पाची वारले. यादवी युद्धाच्या काळात हे कुटुंब नैऋत्येला कुनमिंगला गेलं. आई-वडील परतल्यावरही मुलगा तिथेच राहिला, त्याने विद्यापीठात नाव घातलं, आणि १७ व्या वर्षी तो पियानोच्या ओढीने एकटाच शांघायला परत आला. या वेळी त्याला कुणी ढकललं नव्हतं. पुढच्या दोनच वर्षांत, १९५३ मध्ये, तो बुखारेस्टच्या युवक महोत्सवातल्या स्पर्धेत बक्षीस मिळवून आला, आणि १९५४ च्या जानेवारीत शिक्षणासाठी पोलंडला निघाला.

त्याची गाडी शांघाय स्थानकातून सुटली आणि फू लेईंना झोप लागेना. एक-दोन दिवसांतच त्यांनी पत्र लिहिलं. लहानपणी तुझ्यावर मी अन्याय केला आणि हे ओझं आता माझ्या मनावरून उतरणार नाही, अशी कबुली त्यात होती. ज्या बापाने कधी चूक मान्य केली नव्हती, त्याने ती मुलगा हाकेच्या अंतराबाहेर गेल्यावर केली. इथून सुरू झालेला पत्रव्यवहार १९६६ पर्यंत चालला. सुमारे तीनशे पत्रं आज उपलब्ध आहेत.

या पत्रांत काय नाही? शोपाँच्या लयीतली सैल-घट्ट ओढ कशी राखावी यावर पानंच्या पानं आहेत. खोलीत शिरताना ओव्हरकोटाबरोबर मफलरही काढावा, हात खिशात घालून बोलू नये, जेवताना हात कुठे ठेवावेत, हेही आहे. आठवड्यातून एकदा तरी संग्रहालयात किंवा रानात जा, पियानोपासून दूर राहा, असा आग्रह आहे. हिशेबाच्या वहीबद्दल आणि चिनी भाषेतल्या चुकांबद्दलही लिहिलेलं आहे. मुलाची उत्तरं आली की त्यातला संगीताविषयीचा मजकूर घरी वहीत उतरवून ठेवला जाई. या सगळ्याच्या मुळाशी फू लेईंनी लावलेला एक क्रम होता. आधी माणूस हो, मग कलावंत, मग संगीतकार, आणि पियानोवादक सगळ्यांत शेवटी.

मुलाच्या मायदेशी परतण्याची वेळ जवळ आली तेव्हा हा क्रमच पणाला लागला.

१९५६ च्या उन्हाळ्यात फू त्सोंग सुट्टीवर घरी येऊन गेला. शांघायमध्ये त्याने मोत्झार्ट वाजवला, आणि रात्र-रात्र बापलेकांच्या गप्पा चालल्या. दुसऱ्याच वर्षी चीनमध्ये ‘उजव्या’ विचारांच्या बुद्धिजीवींविरुद्ध मोहीम सुरू झाली. फू त्सोंगलाही पोलंडहून बीजिंगला बोलावून आत्मटीकेला बसवण्यात आलं, आणि नंतर शिक्षण पुरं करायला परत पाठवलं गेलं. फू लेई सभांमधून वारंवार झोडपले गेले. चूक कबूल करा म्हणजे सुटाल, असं सुचवलं गेलं. न केलेली चूक त्यांनी कबूल केली नाही. १९५८ च्या एप्रिलमध्ये त्यांच्यावर ‘उजवा’ हा शिक्का अधिकृतपणे बसला. टोपणनाव घेतलंत तर पुस्तकं छापू, असा प्रस्ताव आला, तोही त्यांनी नाकारला. ते अनुवाद करत राहिले आणि हस्तलिखितं साठत गेली.

शिक्षण संपताच मायदेशी परतायचं होतं. परतल्यावर काय होईल हे फू त्सोंगला स्वच्छ दिसत होतं, आणि पुढे त्याने ते अनेकदा सांगितलं. मुलाला बापाविरुद्ध उभं करतील, बापाला मुलाविरुद्ध. आणि खोटं बोलणं या घरात कुणालाच जमणारं नव्हतं. १९५८ च्या डिसेंबरमध्ये तो वॉर्साहून विमानाने लंडनला निघून गेला. चीनच्या दृष्टीने तो देशद्रोह होता. त्याचा भार शांघायच्या घरावर पडणार, हे त्याला ठाऊक होतं, आणि ते ओझं त्याने मरेपर्यंत वाहिलं.

लंडनने त्याचं स्वागत केलं. पोलादी पडद्याआडून निसटून आलेला चिनी कलावंत म्हणून वर्तमानपत्रांना त्याच्यात रस होता. पण चीनविरुद्ध बोलायचं नाही आणि तैवानला जायचं नाही, हे त्याने स्वतःशी ठरवलं होतं. काही महिने घराशी संपर्क तुटला. १९५९ मध्ये पत्रं पुन्हा सुरू झाली आणि त्यांना वरच्या पातळीवरून आडकाठी झाली नाही. १९६० च्या डिसेंबरमध्ये त्याने झमीराशी लग्न केलं. ती व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइनची मुलगी. मेन्युइन आपल्याला परका नाही. १९५२ मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून तो भारतात आला, मुंबईत त्याने वादन केलं आणि तिथेच पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांना भेटून तो त्यांचा आजन्म शिष्य झाला. अशा घराशी आता शांघायच्या अनुवादकाची सोयरीक झाली. फू लेई सुनेला इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये पत्रं लिहू लागले.

या लंडनच्या पहिल्या वर्षांत फू त्सोंगच्या कलेचं काय झालं, हा मला या गोष्टीतला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. परदेशी गेलेल्या कलावंताबद्दल आपण पटकन म्हणतो की स्वातंत्र्य मिळालं आणि कला फुलली. स्वातंत्र्य मिळालं हे खरं. पण त्याबरोबर भाडं, करार आणि दौरे आले. आज या शहरात आणि उद्या त्या, असं आयुष्य आलं. सरकारी शिष्यवृत्तीवरच्या विद्यार्थ्याला आता प्रत्येक कार्यक्रमातून पोट भरायचं होतं. या धावपळीत त्याची वाढ खुंटली नाही, याचं श्रेय मी बऱ्याच अंशी शांघायहून येणाऱ्या पाकिटांना देतो.

फू लेई तेव्हा तेन या फ्रेंच विचारवंताच्या ‘कलेचं तत्त्वज्ञान’ या ग्रंथाचा अनुवाद करून बसले होते. छापलं जाण्याची चिन्हं नव्हती. मुलाला ग्रीक शिल्पकला समजली पाहिजे म्हणून त्यांनी त्यावरचा भाग हाताने नकलून काढला आणि टिपांसह लंडनला धाडला. जवळपास साठ हजार चिनी अक्षरं. चिनी कवितेवरचं वांग कुओवेईचं समीक्षेचं पुस्तकही त्यांनी पाठवलं. म्हणजे, ज्याला देशाने बहिष्कृत केलं होतं असा बाप, देश सोडलेल्या मुलाला त्या देशातलं उत्तम ते पोहोचवत होता. राजकारणाने जे तोडलं होतं ते फू लेई टपालाने जोडत राहिले.

त्याचे पडसाद वाजवण्यात उमटले. १९६० मध्ये ‘सिद्धार्थ’कार हेर्मान हेसे यांनी रेडिओवर फू त्सोंगचा शोपाँ ऐकला. त्यांचं वय तेव्हा ८० च्या पुढे होतं. त्यांनी एका अनोळखी संगीतकाराला उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं आणि छापून मित्रांना वाटलं. आपण ऐकलं ते नुसतं उत्तम तंत्र नव्हतं, त्यात जुन्या चीनचा, तत्त्वज्ञ च्वांगत्सूचा श्वास जाणवला, असा त्याचा आशय होता. हेसे १९६२ मध्ये वारले. ज्याच्याबद्दल हे पत्र होतं, त्याच्या हाती ते बऱ्याच वर्षांनी पडलं.

फू त्सोंग स्वतः पाश्चात्त्य संगीतकारांबद्दल बोलताना चिनी कवींची नावं घेई. शूबर्टमध्ये त्याला शेताच्या कुंपणापाशी रमणारा ताओ युआनमिंग दिसे. शोपाँमध्ये त्याला ली यू भेटे, म्हणजे राज्य गमावून कैदेत पडलेला आणि हरवलेल्या प्रदेशाच्या आठवणींनी कविता लिहिणारा दहाव्या शतकातला राजा. देब्युसीच्या संगीतात तर त्याला आपल्याच भाषेत बोलल्यासारखं वाटे. या तुलना तो शोभेसाठी करत नव्हता. लहानपणी वडिलांनी पाठ करून घेतलेल्या ओळी त्याच्या कानात आधीपासून होत्या, आणि युरोपचं संगीत त्यांच्या शेजारी येऊन बसलं. वॉर्सात मिळालेल्या माझुर्कांच्या पारितोषिकाचं रहस्य मला इथेच दिसतं. शोपाँने ऐन विशीत, १८३० मध्ये, वॉर्सा सोडलं आणि तो परत कधी गेला नाही. माझुर्का मात्र तो पॅरिसमध्ये शेवटपर्यंत लिहीत राहिला. ज्या मुलाच्या कानात ली यूच्या विरहाच्या ओळी होत्या, त्याला ही भाषा परकी वाटली नाही. आणि १९५८ नंतर ती त्याची स्वतःचीच झाली.

इकडे दुष्काळाच्या वर्षांत शांघायला अन्नाची टंचाई झाली आणि देवाणघेवाण उलटी फिरली. मुलगा लंडनहून लोणी आणि खाण्याच्या वस्तू पाठवू लागला. मानी फू लेईंना हे मागताना किती जड गेलं असेल हे पत्रांतून दिसतं. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्यावरचा शिक्का उतरवला गेला. १९६४ मध्ये फू त्सोंगने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, कारण त्याशिवाय देशोदेशी कार्यक्रम करणं अशक्य होत चाललं होतं. वडिलांना हे फार लागलं. त्याच वर्षी मुलगा झाला आणि आजोबांनी शांघायहून नातवाचं नाव पाठवलं. १९६५ मध्ये फू त्सोंग दौऱ्यावर हाँगकाँगला आला आणि तिथून त्याने घरी फोन लावला. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज ऐकू आले. त्याच्या आई-वडिलांचा आवाज त्याने ऐकला तो त्या दौऱ्यातच शेवटचा.

१९६६ च्या उन्हाळ्यात सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. ऑगस्टच्या अखेरीस रेड गार्ड्स, म्हणजे माओचे तरुण अनुयायी, घरात घुसले. झडती आणि छळ चार दिवस चालला. एका नातेवाइकाने ठेवायला दिलेल्या जुन्या पेटीत तैवानमधल्या राष्ट्रवादी सरकारचा प्रमुख च्यांग काय-शेक याचं चित्र असलेला आरसा सापडला आणि तो देशद्रोहाचा पुरावा ठरला. ३ सप्टेंबरच्या पहाटे फू लेई आणि चू मेइफू यांनी आयुष्य संपवलं.

जाण्याआधी फू लेईंनी चू मेइफूच्या भावाच्या नावे पत्र लिहिलं. त्यात आक्रोश नाही, कामांची यादी आहे. सप्टेंबरचं घरभाडं. दुसऱ्यांचं दुरुस्तीला आलेलं सामान कुणाला परत द्यायचं. घरातल्या मोलकरणीला, नवं काम मिळेपर्यंत जगता यावं म्हणून, ६०० युआनची ठेव. आमच्यामुळे तिला त्रास होऊ नये. आणि अंत्यसंस्कारासाठी ५३.३० युआन. सगळं जग खोटं वागत असताना कुणाचंही देणं शिल्लक न ठेवता जाणं, हे या माणसाचं शेवटचं उत्तर होतं. आधी माणूस हो, हे मुलाला लिहिणाऱ्याने ते स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत पाळलं. अस्थी घ्यायला कुणी पुढे येण्याची सोय नव्हती. या कुटुंबाला कधीच न भेटलेली, त्यांची पुस्तकं वाचलेली एक तरुणी मानलेली मुलगी असल्याचं सांगून गेली आणि तिने त्या सोडवून आणल्या.

बातमी लंडनला पोहोचायला दीड-दोन महिने लागले. फू त्सोंग तेव्हा ३२ वर्षांचा होता. अंत्यविधीला जाणं तर सोडाच, घरी पत्र पाठवणंही चीनमधल्या धाकट्या भावाला धोक्यात घालणारं होतं. त्याच हिवाळ्यात, नाताळच्या सुमारास, त्याच्या लंडनच्या घरी तरुण वादकांचा मेळावा जमला आणि तिथे पियानोवादक दानिएल बारेनबॉइम आणि चेलोवादक जॅकलिन द्यू प्रे यांची पहिली भेट झाली. संगीताच्या इतिहासात ती भेट प्रसिद्ध आहे. यजमान त्या वेळी कोणत्या दुःखातून जात होता, हे त्या कहाणीत क्वचितच सांगितलं जातं. झमीराशी त्याचा संसार १९६९ मध्ये संपला. पियानो तेवढा उरला.

पुढच्या दशकाच्या शेवटी त्याने ध्वनिमुद्रित केलेली शोपाँची नॉक्टर्न ऐकली की काय घडलं होतं ते कळतं. नॉक्टर्न म्हणजे रात्रीची गाणी. ती गोड वाजवणं सोपं असतं. फू त्सोंग ती गोड करत नाही. डावा हात बजावून बोलतो, उजव्या हाताची चाल वाक्यासारखी मध्येच थांबते, श्वास घेते आणि मग पुढे जाते. कुठेही दुःखाचं प्रदर्शन नाही. भावना ओसंडू न देता ती पूर्ण सांगायची, हे वडील बारा वर्षं पत्रांतून लिहीत होते, आणि आता ते वाजवून दाखवायला समोर कुणी नव्हतं.

१९७९ च्या एप्रिलमध्ये शांघायमध्ये फू लेई आणि चू मेइफू यांची जाहीर स्मृतिसभा झाली आणि त्यांच्यावरचे आरोप रद्द झाले. फू त्सोंग वीस वर्षांहून अधिक काळाने मायदेशी आला, तो या सभेसाठी. इथे तो पाठ फिरवू शकला असता. ज्या व्यवस्थेने आई-वडील हिरावले, तिच्याकडे पुन्हा न बघण्याचा हक्क त्याला होता. पण तो परत परत आला. सांस्कृतिक क्रांतीत पियानो फोडले गेले होते आणि शिक्षकांना हाकलून दिलं गेलं होतं. जी पिढी पाश्चात्त्य संगीत चोरून शिकली होती, तिच्यासमोर बीजिंग आणि शांघायच्या संगीत विद्यालयांत बसून तो मात्रा मात्रा उलगडून दाखवू लागला. धाकटा भाऊ फू मिन बीजिंगमध्ये इंग्रजी शिकवत होता. त्याने वडिलांची पत्रं जमवून संपादित केली आणि १९८१ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. लाखो प्रती खपल्या. ज्यांची पुस्तकं छापली जात नव्हती त्यांची खासगी पत्रं चीनच्या घराघरांत गेली.

फू त्सोंग मात्र ती पत्रं वाचायला धजत नसे, कारण वाचली की काही दिवस वाजवता येत नसे, असं तो सांगे. तो वाजवत राहिला. बोटांचं दुखणं सोबत घेऊन म्हातारपणीही रोजचा अनेक तासांचा रियाज चालू होता. इटलीत कोमो सरोवराकाठच्या अकादमीत त्याने वर्षानुवर्षं शिकवलं. ज्या स्पर्धेत तो २१ व्या वर्षी उभा राहिला होता, तिच्या परीक्षक मंडळावर तो बसला. २८ डिसेंबर २०२० रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, लंडनमध्ये कोविडने त्याचा मृत्यू झाला.

२००० मध्ये ली युंदी या चिनी तरुणाने वॉर्सातलं पहिलं बक्षीस जिंकलं. आज चीनमध्ये पियानो शिकणाऱ्या मुलांची संख्या प्रचंड आहे. बोटांच्या वेगात ती कुणालाही मागे टाकतील. या मुलांसमोर फू त्सोंग वर्षानुवर्षं जे सांगत राहिला, ते वडिलांच्या क्रमापेक्षा वेगळं नव्हतं. बोटं शेवटी येतात. त्याआधी कविता यायला हवी, चित्र यायला हवं, आणि त्याही आधी खोटं न बोलण्याची ताकद. देश सोडून त्याने स्वतःला वाचवलं, हे त्याच्या आयुष्याचं अर्धं सत्य आहे. उरलेलं अर्धं असं की जे वाचलं ते त्याने स्वतःपुरतं ठेवलं नाही. ज्या देशाने त्याच्या वडिलांना गप्प केलं, त्याच देशाच्या मुलांना त्याने ते परत दिलं. फू लेईंनी मागितलेला माणूस होण्याचा पहिला टप्पा मला यातच पुरा झालेला दिसतो, आणि त्यापुढे स्पर्धेतलं तिसरं बक्षीस मला फार लहान वाटतं.